बॅटरी : एक नग, चालू स्थितीत

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या गच्चीवर सभासदांसाठी घरगुती उपयोगाच्या विषयांवर भाषणे झाली. त्यांपैकी एका भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसे बोललो तसेच ठेवले आहे.)



मला विषय दिला होता ‘बँकिंग आणि ज्येष्ठ नागरिक’. मी कमिटीला म्हटलं, बँकेबद्दल मी छत्तीस वर्षं बोललो, आता तुम्हीही कंटाळला असाल. मला बॅटरीवर बोलू द्या. सगळे हसले. बॅटरी म्हणजे हीच, हातात धरायची. दुकानदार हिला टॉर्च म्हणतो, शाळेच्या पुस्तकात ती विजेरी होती, आपल्या घरात मात्र ‘अगं, बॅटरी आण जरा’ असंच आपण म्हणतो. आत घालतो त्याला सेल म्हणतो. आज मी हेच शब्द वापरणार आहे.

या टेबलावर जी स्टीलची, दोन मोठ्या सेलची जुनी बॅटरी ठेवली आहे, ती आपल्या सोसायटीची आहे. तिच्याबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. ती गोष्ट आजवर मी कुठल्याही सर्वसाधारण सभेत सांगितलेली नाही.

आपली सोसायटी १९९९ साली रजिस्टर झाली. २००३ पासून पाच वर्षं मी सेक्रेटरी होतो. बँकेतला माणूस, त्यामुळे रजिस्टरं कशी चोख! डेड स्टॉक रजिस्टरमध्ये खुर्च्या, सतरंज्या, पाण्याचा पंप, शिडी आणि एक ओळ : ‘बॅटरी, एक नग, चालू स्थितीत’. दर वर्षी ३१ मार्चला मी त्या ओळीपुढे टिक करायचो. ऑडिटर यायचे, बघायचे, सही करून जायचे.

मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या डोंबिवलीतही त्या रात्री काय झालं ते इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. माझी ब्रँच तेव्हा गावातच होती म्हणून मी संध्याकाळी घरी पोचलो. आपले निम्मे पुरुष आणि नोकरीवाल्या बायका गाड्यांत नाहीतर स्टेशनांवर अडकून पडल्या होत्या. लाइट गेलेली. तळमजल्यावर पाणी शिरायला लागलं. तिथली दोन कुटुंबं वर हलवायची होती. मी वॉचमनच्या केबिनमधून ही बॅटरी आणली, जिन्याशी उभा राहिलो आणि ऐटीत बटण दाबलं.

लागली नाही.

हापटली, थापटली, मागचं झाकण आवळलं. काही नाही. मग कुणी मेणबत्ती आणली, ती वाऱ्याने विझली. तशा अंधारात तळमजल्यावरच्या आजींना आम्ही दोघं धरून वर नेत होतो. पायऱ्या ओल्या. जिन्याच्या वळणावर आजींना वाटलं पायऱ्या संपल्या, आणि एक पायरी अजून होती. त्या पडल्या. मनगट मोडलं. रात्रभर ओल्या फडक्यात हात बांधून त्या बसून होत्या. डॉक्टरांपर्यंत पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली.

सगळे म्हणाले, पावसामुळे झालं. मीही मान हलवली. पण मला माहीत होतं की दोन वर्षांत मी ती बॅटरी एकदाही लावून पाहिली नव्हती. टिक केली होती ती खोटी होती. आजी आता नाहीत. त्यांचा नातू आज आपल्या कमिटीवर आहे, त्याला विचारूनच मी हे बोलतो आहे.

आठवड्याने पाणी ओसरल्यावर मी बॅटरी उघडली. त्या दिवसापासून मला हा नाद लागला. आता तुम्हाला जे सांगणार आहे ते गेल्या एकोणीस वर्षांत हाताने केलेलं आहे.

पहिली गोष्ट. बॅटरी लागली नाही की आपण म्हणतो, ‘बल्ब गेला.’ बहुतेक वेळा बल्ब गेलेला नसतो. वीज ही गोल फिरून यावी लागते. सेलच्या टोपीतून ती बल्बच्या बुडाला येते, आतल्या तारेतून जाते, बल्बच्या बाजूच्या धातूतून बाहेर पडते, मग बटणाची पितळी पट्टी, मग बॅटरीचं स्टीलचं अंग, मग मागचं झाकण, झाकणातली स्प्रिंग आणि परत सेलचं बूड. या वाटेत सात-आठ सांधे आहेत. त्यातला एक सुटला तरी अंधार.

बँकेत ट्रायल बॅलन्सला डिफरन्स आला की नवशिका क्लार्क सगळी लेजरं पुन्हा टिक करायला बसतो. जुना माणूस आधी बेरजा पाहतो, मग डिफरन्सला नवाने भाग जातो का पाहतो; गेला तर कुठेतरी ५४ चे ४५ झालेत. म्हणजे सोपं आणि बिनखर्चाचं आधी. बॅटरीचंही तसंच करायचं.

एक : सेल काढा. तोंडं बरोबर आहेत ना बघा. दोन्ही सेल एका जातीचे, एकाच वेळी घातलेले आहेत ना? एक नवा आणि एक जुना घातला तर जुना नव्यालाही ओढतो आणि स्वतः लवकर गळतो.

दोन : नवे सेल घालून बघा. घरात मीटर असेल तर नवा साधा सेल दीड व्होल्ट किंवा थोडा जास्त दाखवतो. पण इथे फसू नका. थकलेला सेलही नुसता मोजला तर १.४ दाखवतो आणि बल्ब जोडला की बसतो. घरी पाहुणे असेपर्यंत खोकला दाबून बसणाऱ्या माणसासारखं आहे ते. म्हणून सेल कामाला लावूनच पारखायचा.

तीन : बल्ब काढून थेट तपासा. बल्बचं बूड सेलच्या टोपीवर टेकवा, एक वायरचा तुकडा बल्बच्या बाजूला आणि सेलच्या बुडाला लावा. दोन सेलचा बल्ब एका सेलवर मंद, तांबूस लागतो, पण लागतो. लागला म्हणजे बल्ब ठीक. नाही लागला तर उजेडासमोर धरून आतली तार बघा, तुटलेली बहुतेक दिसतेच.

चार : सांधे घासा. स्प्रिंग, झाकणाचे आटे, बल्बचं बूड, पितळी पट्टी. पितळेच्या भांड्याला चढतो तसा कळंक यांनाही चढतो. साधं खोडरबर पुरतं, जास्त असेल तर बारीक पॉलिश पेपर. घासून झालं की कोरड्या फडक्याने पुसा. स्प्रिंग दबून गेली असेल तर हलकेच ताणा.

पाच : इतकं करूनही नाही लागली तर संशय बटणावर. बल्बच्या बाजूपासून बॅटरीच्या अंगापर्यंत वायर लावून बटणाला वगळा. लागली तर दोष बटणाचा. पट्टी थोडी वाकवून बऱ्याचदा काम होतं.

त्या दिवशी मी हे सगळं क्रमाने करत नव्हतो, मला येतच नव्हतं. पण बॅटरी उघडल्यावर मीटरची गरजच पडली नाही. दोन्ही सेल फुटून आत चिकटले होते, आणि स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर. साध्या सेलचं बाहेरचं जस्ताचं भांडं हाच त्याचा एक ध्रुव असतो. सेल काम करतो तसं ते जस्त आतून खाल्लं जातं, शेवटी भोक पडतं आणि आतला द्राव बाहेर येतो. ठोकून सेल काढले, स्प्रिंग हातात तुटून आली. बल्ब मात्र नव्या सेलवर टेकवला तर लागला! त्याचा काडीचा दोष नव्हता. दोन सेलच्या किमतीएवढ्या कंजुषीत आणि माझ्या आळसात आजींचा हात मोडला होता.

गळलेली बॅटरी साफ करताना हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका. साध्या सेलचा द्राव आम्लाच्या बाजूचा असतो, त्याला खायच्या सोड्याचं पाणी. अल्कलाइन सेलचा उलटा, त्याला व्हिनेगर किंवा लिंबाचे चार थेंब. मग ओल्या फडक्याने पुसून नीट वाळवा.

आणि आपल्या लहानपणचा तो उपाय, थकलेले सेल उन्हात ठेवणं! आम्ही रेडिओचे सेल गच्चीवर पापडांच्या शेजारी ठेवायचो. उष्णतेने सेल थोडा वेळ तरतरीत होतो हे खरं, पण गळायची भीतीही वाढते. रेडिओपुरतं ठीक होतं. अडीअडचणीच्या बॅटरीत असे सेल घालू नका.

आता दुसरा प्रश्न, जो मला जिन्यात दर आठवड्याला कुणीतरी विचारतं : ‘काका, पिवळा बल्ब चांगला की एलईडी?’

हिशेबाने बघू. या जुन्या बॅटरीच्या बल्बवर अडीच व्होल्ट, ०.३ अँपिअर असं लिहिलेलं असतं. गुणाकार केला तर पाऊण वॅट. टंगस्टनची तार पांढरी होईपर्यंत तापवायची आणि तिने उजेड द्यायचा, हा पिवळ्या बल्बचा मार्ग. त्यात बहुतेक वीज उष्णतेत जाते, उजेड होतो तो शेकडा पाचच्या आसपास, आणि असल्या छोट्या बल्बात त्याहूनही कमी. एलईडीत तार नाही, तापवणं नाही. तेवढ्याच विजेत ती सहज पाच-सहापट उजेड देते. म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी सेल कितीतरी जास्त टिकतात. शिवाय पिवळ्या बल्बची तार थंड असताना तिचा रोध फार कमी असतो, बटण दाबताक्षणी एकदम जास्त वीज आत शिरते, म्हणून बल्ब बहुतेक वेळा लावतानाच जातो. नेमका गरजेच्या क्षणी! हातातून पडला तरी तार तुटते. एलईडीला ही दोन्ही दुखणी नाहीत.

पांढरी एलईडी मुळात निळी असते बरं का. निळ्या उजेडावर पिवळ्या पावडरीचा लेप, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. लाल एलईडी १९६२ सालीच आली होती, निळ्यासाठी मात्र तीस वर्षं झगडावं लागलं. ती करणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी आपल्याकडे सरकारच्या उजाला योजनेत स्वस्त बल्ब मिळू लागले. आपण जिन्यातले बल्ब बदलले त्याचा हिशेब मी तेव्हा नोटीस बोर्डावर लावला होता. ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज बारा तास म्हणजे महिन्याला २१.६ युनिट, ९ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ ३.२४ युनिट. असे दहा बल्ब धरा, १८० च्या वर युनिट वाचतात.

मग पिवळ्याच्या बाजूने काहीच नाही का? आहे. जमाखर्च दोन्ही बाजूंनी लिहायचा.

पिवळा बल्ब मरण्याआधी सांगतो. सेल उतरू लागले की उजेड तांबूस होतो, कळतं की आता सेल आणले पाहिजेत. काही एलईडी बॅटऱ्यांत आत सर्किट असतं, ते शेवटपर्यंत उजेड सारखा ठेवतं आणि मग एकदम बंद. दुसरं, पिवळ्याला सेलची तोंडं उलटी झाली तरी चालतं, तार काय कुठूनही तापते. एलईडी एकाच दिशेने चालते. अंधारात घाईघाईत सेल उलटे घातलेत तर ती लागणार नाही आणि तुम्ही म्हणाल, बिघडली. तिसरं, पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. दोन सेल थोडे उतरले की सर्किट नसलेली एलईडी मिणमिणते, जरी सेलमध्ये अजून जीव असला तरी. म्हणून स्वस्त एलईडी बॅटरीत तीन बारीक सेल असतात. चौथं, गारसर पांढरा झगझगीत झोत आमच्या वयाच्या डोळ्यांना दिपवतो. ओल्या लादीवर तर जास्तच.

तरीही माझा निकाल एलईडीच्या बाजूने आहे. फक्त घेताना तीन गोष्टी बघा. घरात आणि जिन्यात लांब फेकणारा झोत नको, पसरट उजेड हवा. आपल्याला पायरी बघायची आहे, शेजारच्या बिल्डिंगची टाकी नाही. उजेड जरा उबदार रंगाचा मिळाला तर उत्तम. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे सेल तिच्यात बसले पाहिजेत.

जुनी बॅटरी असेल तर फेकू नका. तिच्या आट्यात बसणारे एलईडी बल्ब मिळतात. मात्र किती व्होल्टचा आहे ते दोन सेलची की तीनची हे पाहून घ्या, आणि सेलची तोंडं नीट ठेवा. झोत पूर्वीसारखा एका ठिकाणी पडला नाही तर घाबरू नका. आतला आरसा तारेच्या जागेवर बेतलेला असतो, एलईडीचा उजेड त्या नेमक्या जागेतून निघत नाही, इतकंच.

चार्जिंगच्या बॅटरीबद्दल दोन शब्द. पुष्कळांकडे इमर्जन्सी लाइट असतो, त्यात बहुधा चार व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती रिकामी तशीच ठेवली की काही महिन्यांत कायमची मरते. महिन्यातून एकदा चार्ज करायलाच हवी. आणि प्लगला लावलेली असताना ती कधीही उघडू नका. स्वस्त मालात ट्रान्सफॉर्मर नसतो, आतल्या तारांना घरचा पूर्ण करंट असू शकतो. लिथियमची बॅटरी फुगलेली दिसली तर वापरणं बंद. बाकी नुसत्या चार्जिंगवर विसंबू नका, कारण लाइट दोन दिवस गेली तर चार्ज कुठे करणार?

मुलं म्हणतील, आजोबा, मोबाइलला बॅटरी असते की! असते, मीही वापरतो. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्यापासून आपल्यापर्यंत सगळी वीज गेली, तेव्हा किती जणांचे मोबाइल दुपारपर्यंत उतरले ते आठवा. दिवस होता म्हणून निभावलं. अशा वेळी मोबाइल फोन करायला राखून ठेवायचा. पावसात, पाण्यात, एका हाताने आजींना धरून दुसऱ्या हातात मोबाइल, हे काही जमत नाही.

आता माझी विनंती, आणि मी बसतो.

एक, प्रत्येक घरात एक बॅटरी, ठरलेल्या एकाच जागी. अंधारात हात तिथेच गेला पाहिजे. दोन, दर महिन्याच्या एक तारखेला ती लावून पाहायची, नुसती हातात घेऊन नाही, अर्धा मिनिट लावून. तीन, दर वर्षी पावसाळ्यापूर्वी, मे अखेरीला, सेल नवे. सेलवर तारीख छापलेली असते ती बघून घ्या. काढलेले पेन्सिल सेल फेकू नका, भिंतीवरच्या घड्याळाला घाला. घड्याळ इतकी कमी वीज खातं की त्याला ते कितीतरी महिने पुरतात. मोठे काढलेले सेल वेगळ्या डब्यात टाका, ओल्या कचऱ्यात नको.

आणि चौथी विनंती कमिटीला. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा : ‘लावून पाहिली, तारीख, सही’. जो लावून पाहील त्यानेच सही करायची. वॉचमनच्या केबिनसाठी मी माझ्यातर्फे एक नवी एलईडी बॅटरी आणि चार जादा सेल देतो आहे.

ही जुनीही तुमच्या ताब्यात देतो. स्प्रिंग नवी बसवली आहे, सांधे घासले आहेत, बल्ब तोच आहे, २००५ चा. आजी हात बरा झाल्यावर जिन्यात भेटल्या की विचारायच्या, ‘काय हो सेक्रेटरी, दिवा आहे ना आज?’ मी हसून ‘आहे, आहे’ म्हणायचो. एकदाही त्यांनी मला दोष दिला नाही, आणि मीही त्यांना खरं काय झालं ते सांगितलं नाही. ते आज त्यांच्या नातवासमोर सांगितलं.

गच्चीवरचे दिवे जरा कुणी बंद करा. हं.

बॅटरी, एक नग, चालू स्थितीत. लावून पाहिली. घ्या, सेक्रेटरी, सही करा.